परसातील रोजकीर्द : वसंताच्या पहिल्या खुणा

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने झाडापानांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नाही. परंतु रोजकीर्द हा माझा विषय आहे. जे घडले ते त्याच दिवशी, तारखेसह, मागाहून फिरवाफिरव न करता लिहून ठेवावे, एवढेच रोजकीर्दीचे तत्त्व आहे. हेच तत्त्व घरामागच्या परसाला लावले तर काय हाती येते, ते या लेखात सांगावयाचे आहे. यामागे माझी एक चूकही आहे. ती लपवून लेख लिहिणे म्हणजे तोट्याची नोंद गाळून ताळेबंद मांडण्यासारखे होईल, म्हणून तीही सांगणार आहे.

आमचे घर बेळगावात, शहराच्या जुन्या भागात आहे. मागे जेमतेम दोन गुंठ्यांचे परसू. त्यात एक हापूस, एक शेवगा, एक कढीपत्ता, विहिरीच्या कडेला मोगऱ्याचे दोन वेल, एक डाळिंब, आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांचा कडुनिंब व फणस. याहून अधिक काही नाही. पण बहुतेक वाचकांच्या घरी किंवा आजोळी इतके असतेच, म्हणून हे उदाहरण घेतले आहे.

वसंत नेमका केव्हा येतो?

प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तरे तीन आहेत. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू म्हणजे चैत्र आणि वैशाख. वसंत पंचमी मात्र माघ शुद्ध पंचमीला येते. म्हणजे ज्याचे स्वागत माघात करायचे तो पाहुणा जवळजवळ दोन महिन्यांनी उंबऱ्यावर यायचा! आणि खगोलशास्त्राप्रमाणे पाहावे तर दिवस-रात्र समान होतात ती वीस-एकवीस मार्चची वेळ वसंतसंपाताची.

परसात उभे राहून पाहणाऱ्याला यात विसंगती दिसत नाही. वसंत एका दिवशी येत नाही; तो हप्त्याहप्त्याने येतो. पहिला हप्ता जानेवारीत, थंडी अंगावर असतानाच, आंब्याच्या शेंड्यावर जमा होतो. शेवटचा हप्ता पाडव्याच्या सुमारास कडुनिंबाच्या फुलोऱ्यात मिळतो. वसंत पंचमी ही पहिल्या हप्त्याची पावती आहे, असे मी समजते.

येथे तिथीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आपले चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान. ही तूट अधिक मासाने भरून काढली जाते. त्यामुळे सण पुढे-मागे सरकतात. २०२३ साली गुढीपाडवा २२ मार्चला होता. त्याच वर्षी अधिक श्रावण आला, आणि २०२४ चा पाडवा ९ एप्रिलला गेला. २०२५ साली तो पुन्हा ३० मार्चला आला. एका वर्षात अठरा दिवसांचा फरक! झाडाला तिथी कळत नाही. म्हणून ‘पाडव्याला निंब फुलला होता’ एवढेच लिहून भागत नाही. तिथी जरूर लिहावी, पण शेजारी इंग्रजी तारीख लिहावी, तरच दोन वर्षांची तुलना करता येते.

माझी चूक

आता ती चूक सांगते. आमच्या घरात आंब्याचे पैसे आजीचे. झाड तिने लावले, म्हणून त्याचा हिशेबही तिचा, असा आजोबांच्या वेळेपासूनचा नियम आहे. दरवर्षी संक्रांतीच्या आसपास एक फळवाले येतात, झाड पाहतात आणि गुत्त्याने बोलणी करतात. गुत्ता म्हणजे झाडावरचे सगळे पीक एकरकमी ठरवून देणे. मग कमी आले तर त्यांचा तोटा, जास्त आले तर त्यांचा नफा. ते कन्नड बोलतात, आजी मराठी बोलते, आणि तीस वर्षे दोघांचे व्यवस्थित जमते.

२०२४ च्या जानेवारीपर्यंत आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. झाड तिला हिरव्या ढगासारखे दिसे. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून ती मला विचारी, “आज आंब्याला काय दिसालंय बघ गे.” मी दात घासत वर पाही आणि काहीतरी सांगे. एके दिवशी शेंड्याशेंड्यांवर टोकदार, तांबूस कोंब दिसले. मी आनंदाने ओरडले, “आजी, सगळ्या झाडाला मोहर फुटलाय!” तिने विचारले, “सगळ्या? नीट बघितलीस काय?” मी म्हटले, “सगळ्या.”

दोन दिवसांनी फळवाले आले. त्यांनी आठ हजार सांगितले. झाड मोहराने भरले आहे या माझ्या शब्दावर आजीने बारा मागितले आणि आठाला नकार दिला. ते वाद न घालता निघून गेले. बारा दिवसांनी परत आले, तेव्हा झाडाच्या निम्म्याहून अधिक फांद्यांवर लोंबती, तांब्याच्या रंगाची कोवळी पाने होती. त्यांनी एक फांदी खाली ओढली, आजीच्या हातात दिली आणि म्हणाले, “अव्वा, इदु हू अल्ल, चिगुरु.” अव्वा, हे फूल नव्हे, पालवी आहे. आजीने बोटांनी पाने चाचपली. मग ती एवढेच म्हणाली, “बरं.” गुत्ता साडेचार हजारांवर ठरला.

त्या पैशांतून तिने मला संगणकावरील हिशेबाच्या वर्गाला घालायचे ठरवले होते, हे मला नंतर आईकडून कळले. तो वर्ग वर्षभर लांबला. त्याचे मला विशेष वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की तिने माझे डोळे उसने मागितले होते आणि मी ते न उघडताच दिले. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

व्यापाराच्या दृष्टीनेही या प्रसंगात शिकण्यासारखे आहे. फळवाल्यांनी पहिल्या दिवशी आठ हजार सांगितले, तेव्हा त्यांनाही ते कोंब काय होणार हे पक्के ठाऊक नव्हते. पण त्यांना ठाऊक नसल्याचे ठाऊक होते. मोहर येईल आणि पालवीही येईल, या दोन्ही शक्यता त्यांनी किमतीत धरल्या होत्या. आम्ही एकच शक्यता खात्रीची मानली. जोखीम म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकातील व्याख्येपेक्षा मला त्या फांदीवरून अधिक समजले.

मोहर की पालवी?

आंब्याच्या फांदीच्या टोकाला जो डोळा असतो, त्याच्यातून पालवीही फुटू शकते आणि मोहरही. काही वेळा दोन्ही एकत्र फुटतात. डोळा नुकताच फुगला असता फरक ओळखणे कठीण असते, पण आठवडाभर रोज पाहिले की ओळखता येते. पालवीचा कोंब सडपातळ व टोकदार असतो आणि उलगडताच पातळ, तांबूस, खाली लोंबणारी पाने दिसतात. मोहराचा डोळा अधिक गुबगुबीत व गोलसर असतो. तो उलगडला की आत बारीक दाण्यांचे घोस दिसू लागतात आणि मधला दांडा सरळ वर वाढतो. पालवी मान टाकते, मोहर मान वर करतो, असे मी माझ्यापुरते सूत्र केले आहे.

एकाच झाडावर निम्मी पालवी का आली? याची कारणे शोधताना दोन गोष्टी पुढे आल्या. पहिली म्हणजे हापूस बहुधा वर्षाआड भरभरून फळतो. २०२३ साली आमच्या झाडाला फळ अमाप आले होते. जी फांदी फळ पोसते ती थकते. तिला आधी नवी पालवी काढून, ती जून करून, मगच पुन्हा मोहर धरता येतो. दुसरी गोष्ट आमच्या हातची. २०२३ च्या डिसेंबरात आम्ही न्हाणीच्या सांडपाण्याचा पाट मोठ्या कौतुकाने आंब्याच्या आळ्यात सोडला होता. मोहर धरण्यासाठी आंब्याला जून झालेली फांदी, थंड रात्री आणि आपल्यासारख्या प्रदेशात पाण्याचा थोडा ताण लागतो. त्याच दिवसांत पाणी व खत मिळाले तर झाड फुलण्याऐवजी पाने काढण्याकडे वळते. यांपैकी नेमके कोणते कारण किती, हे एका झाडावरून ठरवता येणार नाही. पण पुढल्या वर्षी पाट आम्ही केळीकडे वळवला.

डाळिंब-मोसंबीचे बागाईतदार हाच ताण मुद्दाम देतात. पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यायची आणि मग खत-पाणी देऊन फुलोरा एकदम आणायचा, याला बहार धरणे म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा येतो त्या बहाराला नावच ‘आंबे बहार’ आहे, कारण तेव्हा आंबाही मोहरतो. पावसाळ्याच्या सुरुवातीचा तो मृग बहार, आणि पावसाळा सरतानाचा हस्त बहार. मोगऱ्याचेही तसेच. थंडीत पाणी तोडून जानेवारीअखेर छाटणी केली तर मार्चपासून कळ्या धरतात. आजी छाटलेल्या मोगऱ्याला ‘उपवासाला बसवलाय’ म्हणते.

झाडे वाट कशाची पाहतात?

इंग्लंडमधील वसंताची वर्णने वाचून आपण समजतो की बर्फ वितळले, ऊन आले, म्हणजे झाडे फुटतात. लंडनला वर्षातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी व सर्वांत मोठा साडेसोळा तासांहून अधिक असतो. बेळगाव सुमारे सोळा अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तास दहा मिनिटांचा आणि सर्वांत मोठा सुमारे तेरा तासांचा. फरक दोन तासांचाही नाही. दिवस वाढू लागतो तोही संक्रांतीपासून नव्हे, तर २२ डिसेंबरच्या सुमारासच. तेव्हा आपल्याकडच्या झाडांना दिवसाच्या लांबीइतकाच थंडीचा, कोरडेपणाचा आणि मुळांशी उरलेल्या पाण्याचा हिशेब पाहावा लागतो.

येथे एक कोडे आहे. आपल्याकडे वसंतात पाऊस नसतो. जमीन तापत जाते, विहिरी खाली जातात, आणि नेमके तेव्हाच करंज, पिंपळ, कडुनिंब नव्या पानांनी भरतात. तोट्याच्या हंगामात इतका खर्च का? वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी मला याचे उत्तर समजावून दिले. जुनी पाने गळाली की पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचते. मुळे खोल असलेले झाड त्या बचतीतून खोडात पाणी साठवते आणि त्या भांडवलावर नवी पाने काढते. पाऊस येईपर्यंत ही पाने तयार होतात, म्हणजे पावसाळ्याचा पहिल्या दिवसापासून उपयोग होतो. शिवाय पाने खाणाऱ्या अळ्या-किड्यांचा सुळसुळाट पावसाळ्यात होतो. तोवर ही पाने जून व चिवट झालेली असतात. म्हणजे झाड उधळपट्टी करीत नाही. ते हंगामाआधी गुंतवणूक करते.

कोवळ्या पानांचा तांबडा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे येतो. प्रखर उन्हापासून कोवळ्या पानाचे रक्षण व्हावे, किंवा कीटकांनी ते टाळावे, यासाठी तो उपयोगी पडत असावा असे मानतात. पुढे हरितद्रव्य वाढले की तोच रंग हिरव्याखाली झाकला जातो.

खुणांचा क्रम

२०२५ साली मी वही घातली. तीतील मुख्य नोंदी क्रमाने देते.

५ जानेवारी : शेवग्याला पांढरट कळ्यांचे झुबके. अंगणात स्वेटर घालून उभी होते, आणि शेवग्यावर मधमाश्या आल्या होत्या.

१२ जानेवारी : आंब्याचे डोळे फुगू लागले. या वेळी मी ‘सगळ्या झाडाला’ असे लिहिले नाही. चारही दिशांच्या पाच-पाच फांद्या निवडून, काही गच्चीवरून हात घालून, वीस टोकांना रंगीत दोरे बांधले. संख्याशास्त्रात नमुना निवडताना जी काळजी घ्या म्हणतात तीच घेतली. हाताशी येणाऱ्या खालच्याच फांद्या मोजल्या असत्या तर ऊन लागणाऱ्या वरच्या फांद्या हिशेबाबाहेर राहिल्या असत्या.

२६ जानेवारी : वीसपैकी तेरा टोकांवर मोहर स्पष्ट, पाचांवर पालवी, दोन अजून झोपलेली.

९ फेब्रुवारी : कढीपत्त्याची पाने पिवळी पडून गळू लागली. आईला वाटले झाड मरते आहे. आठ दिवसांत टोकांना पोपटी पाने आली. वसंताची ही खूण गळतीच्या रूपाने येते, म्हणून ती हमखास चुकते.

१६ फेब्रुवारी : पहाटे कोकिळ. थंडीत तो कोठे दूर जातो असे नाही; तो झाडीत असतोच, पण गप्प असतो. गातो तो काळा नर; मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असते. याच आठवड्यात शेजारच्या वडाकडून तांबटाचे ‘टुक टुक’ सुरू झाले. ऊन तापत जाते तसे ते अधिक ऐकू येते.

२६ फेब्रुवारी : महाशिवरात्र. थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते असे आपल्याकडे दोन्ही भाषांत म्हणतात. त्या दिवशी मी वहीत ‘दुपारी पंखा लावला’ अशी नोंद केली. शेजाऱ्यांच्या कडुनिंबाखाली पिवळ्या पानांचा सडा. फणसाच्या खोडावर अंगठ्याएवढी फळे.

९ मार्च : मोगऱ्याची पहिली कळी. विहिरीच्या कठड्यावर हिवाळाभर शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी या दिवसापासून दिसला नाही. आलेल्यांची नोंद आपण करतो. गेलेल्यांची नोंद राहून जाते. हा पाहुणा उत्तरेला परतला, म्हणजे ऋतू बदलला याची तीही साक्षच.

३० मार्च : गुढीपाडवा. गुढीला बांधायला कडुनिंबाची डहाळी तोडली, तेव्हा तिला तांबूस पाने आणि मधासारख्या वासाची बारीक पांढरी फुले दोन्ही होती.

घराबाहेर पडले तर खुणा आणखी आहेत. खानापूरच्या रस्त्याने जाताना फेब्रुवारीत निष्पर्ण सावरीची लाल फुले, त्यापाठोपाठ पळस व पांगारा दिसतो. परंतु हा लेख परसापुरता मर्यादित ठेवला आहे.

मोहर दिसला म्हणजे फळ मिळाले असे नव्हे

येथे एक सावधगिरीची सूचना हवी. मोहराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारांवर बारीक फुले असतात. त्यांतील बरीचशी केवळ नर असतात. फळ धरते ते द्विलिंगी फुलातून. माश्या व मधमाश्यांनी परागीकरण केले तरीही शंभर फुलांमागे एक फळदेखील शेवटपर्यंत टिकत नाही. फूल ते पाडाचा आंबा हा प्रवास साधारण चार महिन्यांचा. दरम्यान ढगाळ, दमट हवा पडली की मोहरावर पिठासारखी पांढरी भुरी येते. ती बुरशी आहे. तुडतुडे मोहरातला रस शोषतात आणि त्यांच्या चिकट स्रावाने पाने चमकू लागतात, मग त्यावर काळी बुरशी चढते.

या रोगांच्या खुणाही वसंताच्याच खुणा आहेत, आणि त्या लवकर दिसल्या तरच उपयोग. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन ढगाळ दिवसांनंतर मला तीन तुऱ्यांवर पांढरी पूड दिसली. कृषी खात्याच्या सल्ल्याने बाबांनी पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची फवारणी केली. मोहर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नये, कारण त्याने मधमाश्या मरतात आणि फळधारणाच बुडते, हेही तेथेच समजले. आठ दिवस उशिरा पाहिले असते तर तेवढा मोहर जळाला असता.

दोन भाषांची मदत

फळवाल्यांचा ‘चिगुरु’ हा शब्द मी विसरू शकत नाही. कन्नडमध्ये कोवळ्या फुटीला चिगुरु म्हणतात. आपण पालवी म्हणतो. आंब्याच्या फुलोऱ्याला मराठीत ‘मोहर’ असा स्वतंत्र शब्द आहे. कन्नड मैत्रिणी ‘माविन हू’, म्हणजे आंब्याचे फूल, म्हणतात. उलट, नुकत्याच धरलेल्या इवल्या फळाला त्यांच्याकडे ‘मिडी’ असा एक नेटका शब्द आहे, तेथे आम्ही ‘कोवळी कैरी’, ‘बाळकैरी’ असे शब्द जोडत बसतो. एका भाषेने मोहर नीट पाहिला, दुसरीने मिडी नीट पाहिली. माझ्या वहीत म्हणून चार रकाने आहेत : चिगुरु, मोहर, मिडी, पाड. दोन भाषांतून मिळून आंब्याची सगळी वाटचाल पुरी होते.

धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी आणि काव्याची भाषा कन्नड. त्यांना १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक मिळाले. युगादीवरची त्यांची कविता कर्नाटकात घरोघर ठाऊक आहे. इकडे मराठीत दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांचे बारा रंग टिपले. पाडव्याला आपण कडुनिंब व गूळ खातो, कन्नड घरांत ‘बेवु-बेल्ल’ खातात, पदार्थ एकच. सीमाभागात भाषेवरून बोलायला पुष्कळ विषय असतात. कडुनिंबाच्या डहाळीखाली तेवढा वेळ तरी ते बाजूस राहतात.

वही कशी ठेवावी?

अशा नोंदींचे एक शास्त्रच आहे. त्याला फिनॉलॉजी म्हणतात. इंग्लंडात नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम या गृहस्थाने १७३६ पासून आपल्या आवारातील पहिले फूल, पहिले पान, पहिला कोकिळवर्गीय पक्षी यांच्या तारखा लिहिल्या. त्याच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानात क्योतोच्या चेरी-बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापर्यंत मागे जातात. हवामान कसे बदलत गेले हे समजण्यासाठी आज शास्त्रज्ञ अशाच वह्या उघडतात. त्या लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते. आपल्या देशातही ‘सीझनवॉच’ या उपक्रमात विद्यार्थी व शिक्षक एखादे झाड निवडून दर आठवड्याला त्याची पाने, फुले, फळे नोंदवितात. त्यांची पद्धत मला सोयीची वाटली : प्रत्येक गोष्टीपुढे ‘नाही’, ‘थोडे’ किंवा ‘पुष्कळ’ एवढेच लिहायचे.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांच्यासाठी पाच नियम देते.

१) झाडे थोडी निवडावीत. एक आंबा व एक कडुनिंब पुरेत. पण झाड बदलू नये.

२) ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पाहावे. मी रविवारी सकाळी पाहते. मधल्या दिवशी काही विशेष दिसले तर वेगळे लिहावे.

३) ‘नाही’ हीही नोंद आहे. आज कोकिळ ऐकला नाही, हे लिहिले तरच तो पहिल्यांदा केव्हा ऐकला हे खात्रीने सांगता येते.

४) जे पाहिले ते आणि जे वाटले ते, असे दोन रकाने ठेवावेत. ‘तांबूस कोंब दिसला’ हे पाहिलेले. ‘मोहर आला’ हे वाटलेले. माझा साडेतीन हजारांचा तोटा या दोन रकान्यांच्या सरमिसळीत झाला.

५) चुकीची नोंद खोडून टाकू नये. तिच्याखाली दुरुस्तीची नोंद करावी. हिशेबनिसाला हे सांगावे लागत नाही.

एका वर्षाच्या वहीवरून मात्र ‘ऋतू बदलले’ असा निष्कर्ष काढू नये. एक वर्ष म्हणजे एकच आकडा. सरासरी काढायलाही दुसरा लागतो. पाच-दहा वर्षांनी त्या वहीला बोलता येईल.

समारोप

२०२४ च्या पावसाळ्यात आजीच्या एका डोळ्याची आणि दिवाळीनंतर दुसऱ्याची शस्त्रक्रिया झाली. २०२५ च्या संक्रांतीनंतर फळवाले आले, तेव्हा ती स्वतः चष्मा लावून परसात उभी होती. मला वाटले, आता माझ्या डोळ्यांची गरज संपली. पण त्यांनी झाडाकडे पाहून आकडा सांगितला, तेव्हा आजी त्यांना म्हणाली, “थांबा जरा, हिची वही बघूया.” त्या दिवशी वहीत सांगण्यासारखे एवढेच होते की वीस डोळे फुगले आहेत, आणि त्यांचे काय होणार ते अजून दिसत नाही. मी तेवढेच वाचले. फळवाले हसले आणि म्हणाले, “तंगी ईग सरी हेळ्याळ.” ताई आता बरोबर सांगते आहे. बोलणी महिनाअखेरपर्यंत पुढे ढकलली. तेरा, पाच आणि दोन असा जमाखर्च हाती आल्यावर गुत्ता सात हजार दोनशेंना गेला. संगणकाच्या वर्गाचे पैसे त्यातून भरले.

अजूनही आजी तुळशीला पाणी घालताना रोज विचारते, “आज काय दिसालंय?” तिला स्वतःला दिसते, तरी विचारते. मी आता दात घासत उत्तर देत नाही. आधी झाडाखाली जाते, मग सांगते.

वाचक मित्रमैत्रिणींनो, परीक्षेच्या अभ्यासाचे दिवस आणि वसंताचे हे दिवस एकाच वेळी येतात. पुस्तकातून मान वर काढायला निमित्त हवे असेल तर खिडकीजवळचे एखादे झाड निवडा आणि आजची तारीख घाला. पहिली नोंद ‘काही नाही’ अशी झाली तरी चालेल.